देवाची पेटी

१ जानेवारी २००१

फवारणीच्या औषधांच्या दुकानदाराने ही डायरी हातात ठेवली. आत पानापानावर तुडतुड्यांची रंगीत चित्रं. म्हणाला, "शांतवनराव, नव्या वर्षाची भेट." मी म्हटलं, भेट तुमच्या जावयाला द्या. टेबलावर पैसे आपटले आणि चालू लागलो. तो "अहो, अहो" करत पायरीपर्यंत आला. घरी राही म्हणाली, "एक डायरी फुकट घेतली असती तर काय हात झडला असता तुमचा?" बायकोला हे कळायचं नाही. फुकटचं घेतलं की मान कायमची खाली जाते.

विकत घेतलीच आहे तर लिहावं म्हणतो. बाग रावजीमामांची. मामा म्हणजे आईचे भाऊ. आईबाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही, मामी जाऊन बरीच वर्षं झाली. पण बाग उभी केली ती मी. हा सगळा कातळ होता. सुरुंग लावून खड्डे मी मारले, खालून माती डोक्यावरून मी आणली, कळशीने पाणी घालून हापूसची कलमं मी जगवली.

मागे एकदा मामा वकिलाकडून बक्षीसपत्र करून घेऊन आले होते. "शांत्या, सही कर, बाग तुझी." मी वाचलं. लिहिलेलं, केवळ प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता. माझं पित्तच खवळलं. मोबदला नाही? मग हे खड्डे काय आपोआप पडले? म्हटलं, मामा, मी भिकारी नाही. या माणसाने बाग कमावली असं लिहा, मग सही करतो. मामा म्हणाले, "तसं मला लिहिता येणार नाय रे." आणि कागदाची घडी करून ठेवून दिली. मामा पक्के आहेत. मी अजून किती राबतो ते बघत असणार. बघू देत.

१४ जानेवारी

आज चर्चमध्ये उपदेश कृपेवर. पाळक म्हणाले, तारण कर्मांनी मिळत नाही. देव वारसा देतो आणि आपण तो विश्वासाने घ्यायचा, बस. मामा पहिल्या बाकावर मान डोलवत होते. पाळकांचं म्हणायला काय जातं? कातळात पहार मारून बघा म्हणावं एकदा. आमच्या मंडळीतला मी वडील, म्हणजे प्रभुभोजनाचं ताट फिरवणारा. चर्चचं छप्पर मी शाकारलं, भोवती दगडांचा गडगा मी घातला. हे देवाने कुठेतरी मांडून ठेवलंच असेल. नसेल तर मग सगळा अंधारच म्हणायचा.

१२ मार्च

फळ धरलंय. विहिरीजवळचं कलम यंदाही देवासाठी राखलं. आमच्या मंडळीत कापणीचा सण भातावर धरत नाहीत, आंब्यावर धरतात. जो तो आपल्या बागेतली पहिली पेटी वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. माझी पेटी सगळ्यांत आधी पुकारली जाते. त्या कलमावर मी गड्यांनाही चढू देत नाही. राखण स्वतः करतो.

मामा काल म्हणाले, "शांत्या, एवढी राखण देवाला तरी हवीय का?" म्हातारपण.

२४ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी गडी जेवून आडवे झाले होते. वारा नव्हता आणि देवाचं कलम हलत होतं. बघतो तर वर माणूस. कमरेला गोणपाट बांधून सपासप आंबे काढतोय, माझ्या देवाच्या पेटीचे आंबे. मी हाक मारली नाही. आंबे काढायच्या घळीचा बांबू घेतला आणि खालून त्याच्या बरगडीत घातला. तो फांद्यांवर आपटत खाली आला. उठायला लागला तेव्हा तोंडावर मारलं. "देवाची चोरी करतोस?" म्हणून विचारलं. तो "शेट, शेट" करत होता, तोंडातून रक्त आणि लाळ. बांबू फुटला. मग लाथांनी तुडवला. तो सरपटत गडग्याकडे निघाला, तेव्हा मी गडग्यावरचा चिरा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर टाकला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. पुन्हा उचलला आणि पुन्हा टाकला.

गडी धावत आले. दोघांनी मला मागून धरलं, मी एकाचा हात चावलो. मामा काठी टेकत आले, चोराशेजारी मातीत बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या नवीन धोतराचा सत्यानाश झाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

स्वतःसाठी मारलं असतं तर पाप होतं. माझे आंबे असते तर दोन थोबाडीत देऊन सोडला असता.

२६ एप्रिल

चोराचं नाव केरू. संगमेश्वरकडचा, इथे चिरेखाणीवर कामाला होता. आईबाप नाहीत, दारू पितो, खाणीवरूनही चोरीसाठीच हाकललेला. मामा त्याच्याबरोबर सिव्हिलमध्ये बसून आहेत. गुडघा कायमचा गेला म्हणे.

आज हवालदार जबानी घ्यायला गेला होता. मी कपडे करून तयार बसलो होतो, राही देवापुढे गुडघे टेकून. पण केरूने सांगितलं, आंबे काढताना कलमावरून पडलो. घाबरला माझ्या माराला. चांगली जरब बसली.

६ मे

कापणीचा सण. देवाची पेटी नेली. कागदात गुंडाळून, गवतात रचून, एकावर एक देठ जुळवून. पहिली पुकारली गेली. पण यंदा कोणी बोली वाढवेना. लोक माझ्या हातांकडे बघत होते. शेवटी पाळकांनीच घेतली. मामा आले नाहीत. त्या चोराला पेज भरवत बसले असणार.

२० जून

मामांनी केरूला घरी आणलं! कुबडी घेऊन ओटीवर बसलाय. मामा त्याला आमटी वाढतात, पायाला तेल लावतात, स्वतःची चांदीची साखळीही त्याच्या गळ्यात घातली. मी विचारलं, हा कुठवर राहणार? मामा म्हणाले, "राहील तोवर." कामाचं नाव नाही. एकदा फणसाच्या आठळ्या सोलायला बसला, अर्ध्या सोलून झोपला. आज मामांच्या खिशातून विडीला पैसे घेताना मी पकडला. मामांना सांगितलं तर म्हणाले, "ठाऊक हाय. उद्यापासून सदरा खालच्या खुंटीलाच टांगतो, त्याला कुबडीवर उठायला त्रास होतो." मी ताटावरून उठलो.

९ ऑगस्ट

हे लिहायला पाहिजे. कोणापाशी तरी बोललंच पाहिजे.

संध्याकाळी मामांनी हाक मारली. "बस, शांत्या. बाग मी केरूला दिली. काल रजिस्टर झालं."

मला वाटलं, भ्रम झाला. "कोणाला?"

"केरूला."

"चोराला?"

"चोरच तो. मी कुठे साधू म्हणतोय?"

"पायाची भरपाई देताय का माझ्या वतीने?"

"भरपाई असती तर पैसे दिले असते. ही भरपाई नाय. दिली, एवढंच."

"आणि मी? मी काय केलं नाही या बागेसाठी?"

"सगळं केलंस. सही तेवढी केली नाहीस." मग मामांचा आवाज बारीक झाला. "किती वाट बघायची रे मी? तो कागद उशाखाली घेऊन झोपत होतो. शांत्या, वतन कमवायचं नसतं. हात पुढे करायचा, की झालं. देव तरी दुसरं काय करतो आपल्याशी?"

"त्याचा बाप्तिस्मा तरी झालाय का?"

"विचारलं नाय. त्यालाही नाय आणि तुलाही नसतं विचारलं."

तो चोर दाराआडून बघत होता. मी त्याच्यावर धावलो. मामा मध्ये आले. मी मामांना ढकललं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. ते मागे कोलमडले, चौकटीवर कपाळ आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. ज्या माणसाने मला न्हाऊ-माखू घातलं, त्याला मी ढकललं. आणि मला वाईट वाटायच्या आधी असं वाटलं, की बरं झालं.

१२ ऑगस्ट

प्रभुभोजनाचा रविवार. मामा कपाळाला पट्टी बांधून आले. कोणीतरी विचारलं. म्हणाले, "दार लागलं." केरू कलमावरून पडला, मामांना दार लागलं. दोघेही पट्टीचे खोटारडे, शोभतात एकमेकांना.

ताट माझ्याच हातात होतं. मामांपुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे बघत भाकरीचा तुकडा उचलला. मी स्वतः घेतला नाही. ज्या घरात चोर आणि मी एकाच मापाने मोजले जातो, तिथे मला जेवायचं नाही. केरू शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांकडे गोंधळून बघत होता.

१३ ऑगस्ट

पावसात कुऱ्हाड घेऊन गेलो. देवाच्या कलमावर घाव घातले. पहिल्या घावाला चीक उडून डोळ्यात गेला. मी लावलेलं, मीच तोडणार. खोड अर्धं चिरत आणलं तेव्हा केरू कुबडीवरून घसरत घसरत आला आणि खोडाला मिठी मारून बसला. "मना मारा, दादा. झाड नको." कुऱ्हाड त्याच्या डोक्यापासून वीतभर वर थांबली. ती मी थांबवली का हात भरून आले म्हणून थांबली, मला सांगता येणार नाही.

नंतर खिडकीतून बघितलं. त्याने जखमेला शेणमाती लिंपली, वर स्वतःचं गोणपाट बांधलं. आंबे चोरायला आणलेलं तेच गोणपाट.

२२ ऑक्टोबर

मामा काल गेले. चहा पिता पिता कप हातातून सुटला, एवढंच.

आज माती दिली. पहिली मूठ मी टाकली, तो हक्क माझा. मग केरू कुबडीवर पुढे आला, ओक्साबोक्शी रडत. त्याने माती उचलायला वाकावं आणि माझं डोकं फिरावं. मी त्याची कुबडी ओढून झाडीत भिरकावली. तो तोंडावर चिखलात पडला. तिथेही मी त्याच्या कमरेत लाथ घातली. चौघांनी मला धरून बाजूला नेलं. पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी झटकला.

केरूने पडल्या पडल्याच, हातात होता तो चिखल मामांवर टाकला.

राही घरी आल्यावर म्हणाली, "मला तुमची भीती वाटायला लागलीय हो." मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर राबलो. ती म्हणाली, "माझ्यासाठी राबा म्हणून मी कधी सांगितलं तुम्हाला?"

१५ डिसेंबर

आम्ही अजून बागेतल्याच घरात आहोत. मामा गेल्यापासून केरू बागेतल्या खोपीत राहतो. मोठं घर त्याचं, पण आत यायला धजत नाही. आज दारात उभा राहून म्हणाला, "दादा, मना यातला काय कळत नाय. औषध जास्त पडला आणि दोन रांगांचा मोहोर करपला. तुमी बगा ना. तुमचाच हाय सगळा." तुमचाच हाय! मी त्याच्या पायाशी थुंकलो. म्हटलं, माझी बाग मला दान करतोस, लंगड्या?

गेला तो. पण जाताना सांगून गेला, विहिरीजवळचं कलम मोहोरलंय. बघायला गेलो. पान दिसत नाही एवढं लदबदलंय. घाव बसलेलं झाड मरणाआधी असं मोहोरतं, बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. तरी बराच वेळ उभा राहिलो. मग त्या शेणमातीच्या लिंपणावर चपलेने मारत सुटलो. पट्टा तुटला.

२९ डिसेंबर

डुकरांनी फार उच्छाद मांडलाय. वरच्या वाडीच्या शिकाऱ्याकडून डुकरांसाठी ठेवतात तसला गोळा आणला. रोख देऊन, उधारी नाही. जबड्यात फुटला तर डुकराचं डोकं उरत नाही म्हणाला. उद्या पहाटे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या वळणावर ठेवीन म्हणतो, पाल्याखाली. केरू त्याच वाटेने विहिरीवर जातो, त्याला सांगायला हवं. आठवलं तर सांगेन.

राहीला काही बोललो नाही. ती डुकरांना उगाच घाबरते.

१० मार्च २००२

डाव्या हाताने. पेन्सिल.

उजवा हात मनगटापासून नाही. डाव्याचा अंगठा आणि दोन बोटं उरली. तोंड अर्धं भाजलं.

गोळा हातात घेऊन गडगा ओलांडताना पाय घसरला. पुढचं आठवत नाही. राही सांगते, आवाज झाल्यावर केरू आधी पोचला. शर्ट फाडून हात बांधला. कुबडी टाकून, बसल्या बसल्या मला ओढत रस्त्यापर्यंत नेलं. त्याचं ढोपर सोलून निघालं.

ही नवी डायरी त्यानेच आणली. दुकानदाराने बागवाला म्हणून भेट दिली म्हणे. राहीला म्हटलं, पैसे देऊन ये. ती जागची उठली नाही.

१८ मार्च

हवालदार येऊन गेला. केरूने सांगितलं, बागेत डुकरं येतात, दादा माझ्यासाठीच ठेवायला गेले होते. माझ्यासाठीच! हसू आलं, टाके ताणले गेले.

७ एप्रिल

पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. मी नको म्हटलं. ताट धरायला हात नाही, आता घ्यायचं कशाच्या जोरावर? पाळक म्हणाले, "आधी कशाच्या जोरावर घेत होतात?" मी तोंड भिंतीकडे केलं. ते गेल्यावर बराच वेळ तेच वाक्य डोक्यात घुमत होतं.

राही भात भरवते. मी एकेका घासाला चिडतो. काल ताटली पायाने उडवली, तिच्या कपाळाला लागली. तिला कोणी विचारलं तर आता तीही काहीतरी सांगेल. दार लागलं म्हणेल. सगळ्यांनी मिळून मला झाकलंय. मला मारत का नाहीत हे लोक? मी खाटेवर पडून मारायची वाट बघतो. कोणीतरी यावं आणि चिरा उचलून माझ्यावर टाकावा, म्हणजे हिशोब तरी कळेल. मला भीती वाटते. माझ्याकडे आता द्यायला काहीच नाही. कातळ फोडणारा हात होता, तो गेला. देवापुढे उभं राहायचं झालं तर काय घेऊन जाऊ? मामांना ढकललं ते हात घेऊन?

मामा, मला लवकर सांगायचं होतंत. सांगितलं होतंत.

५ मे

आज कापणीचा सण. मी गेलो नाही. राही गेली.

देवाचं कलम मेलं नाही. फळ थोडंच धरलं, पण धरलं. केरूने ओटीवर बसून पेटी भरली. मी खाटेवरून बघत होतो. गवत चुकीचं रचलं, देठ खाली केले, सगळं चुकवलं त्याने. तरी पेटी तशीच जाऊ दिली. तो आणि राही पेटी घेऊन रिक्षात बसले.

दुपारी दोघं परतली. मामा गेल्यापासून केरू कुबडी टेकत पहिल्यांदाच घराच्या आत आला, खाटेजवळ बसला. हातात एक आंबा.

"लिलावात घेतला," म्हणाला. "देवाच्या पेटीतला."

"तूच दिलीस पेटी आणि तूच विकत घेतलास?"

"व्हय. सगळी हसली."

"किती पडले?"

"नाय सांगणार."

"का?"

"सांगितला तर तुमी पैसं काढाल."

राहीकडे बघितलं, तिला ठाऊक असणार. तिनेही मान हलवली. नंतर बघितलं तर केरूच्या गळ्यात मामांनी दिलेली चांदीची साखळी नव्हती.

त्याने खिशातून सुरी काढली. मी सुरीकडे बघितलं. वाटलं, आता. खरंच वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. त्याने आंबा पुसला, देठ कापला. खाली बघत, फोड काढता काढता म्हणाला, "पाखाडीनं डुकरं जात नायत, दादा. मी जातो."

 त्याला ठाऊक होतं. शर्ट फाडून माझा हात बांधला तेव्हाही ठाऊक होतं. मी बोलायला गेलो, तोंडातून नुसता आवाज निघाला, जनावराचा निघतो तसा. मग रडलो. भाजलेल्या गालावर पाणी झोंबतं, तरी थांबेना.

त्याने फोड माझ्यासमोर धरली. उरलेल्या बोटांनी घेता आली असती. ताटलीत ठेव, नंतर खातो, असंही म्हणता आलं असतं. त्याचा हात तसाच पुढे होता, गुडघा सरळ ताठ बाजूला पसरलेला, मी तोडलेला.

मी तोंड उघडलं.

आंबा गोड निघाला. रस हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला. केरूने तो त्याच्या हाताने पुसला. मी पुसू दिला.